हार

इथे समुद्रावरून चालत येणाऱ्या धुक्याला
हार म्हणतात.
पहिल्या वर्षी मी हेमलताला लिहिलं होतं,
अगं, डंडीत रोज सकाळी गळ्यात हार पडतो,
फक्त तो हार की ती हार
ते संध्याकाळी कळतं.
तिने हसून लोळणारी तोंडं पाठवली, सात.
ते वाचणारी ती एकटीच,
असं मी धरून चालले होते.

मेथीची गोष्ट मंगळवारची.
वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून
बसच्या वरच्या मजल्यावर, ओल्या काचेला डोकं टेकून
मी तिला लिहिलं:
जीव नुसता मेथीला आसुसलाय.
लसूण करपायच्या आधी टाकलेली, जराशी कडू,
भाकरीच्या पापुद्र्यात धरून.
घरी बोलले नाही. बोलण्यासारखं काय त्यात?

बुधवारी नवरा दारात. बूटही काढले नव्हते.
हातात हिलटाउनच्या चढावरल्या दुकानाची पिशवी,
तीन जुड्या, मुळांना माती.
"सहज दिसली," म्हणाला.
चेहरा इतका आनंदी, की मीही हसले.

निवडायला बसले.
दुसऱ्या जुडीत बोटं थांबली.

मग मागचं एकेक वर येत गेलं, पाण्यात टाकलेल्या पालेभाजीतून
माती सुटते तसं.
दाढ दुखते हे न सांगताच त्याने आणलेलं लवंगेचं तेल.
धाकट्या भावाला पाठवलेले साठ पौंड,
ज्यांवर तो बोलला नाही, पण महिनाभर दिवे मालवत हिंडला.
आणि मार्चमधलं ते.
ते इथे लिहीत नाही.

बार्शीला बाबा माझी आंतरदेशीय पत्रं
चहाच्या वाफेवर धरून उघडत,
वाचून झाली की भाताच्या शिताने चिकटवत.
मला कळायचं.
कडेला वाळलेलं शीत नखाला लागायचं.
या काचेला काहीच लागत नाही.

गुरुवारी दहा ते बारा, ग्रंथालयात
मोराग पेट्री म्हाताऱ्यांना फोन शिकवते.
स्वतः त्र्याहत्तरची.
तीन टिंबं दाब, म्हणाली. आता जोडलेली उपकरणं.
एक संगणक.
शेवटचा वापर: आज, पहाटे दोन चाळीस.

पहाटे दोन चाळीसला मी मिसेस लॅम्बींना
कुशीवर वळवून चादर बदलत होते.
त्या मला जीन म्हणतात, बहिणीचं नाव ते.
त्याच वेळी आमच्या स्वयंपाकघरात
माझी अकरा वर्षांची बडबड
कुणीतरी चहा पीत वाचत होतं.

मोरागने काही विचारलं नाही.
चष्मा पुसायला घेतला, खुर्ची खिडकीकडे वळवली
आणि बराच वेळ पुसत बसली.

बाहेर काढू का, असं फोनने विचारलं.
हो.
नक्की?
यंत्रालाही माझी इतकी काळजी.
मग सहा आकडे मागितले.
जन्मतारीख नको, लग्नाची नको, मुलाची तर नकोच,
मोराग खिडकीकडे बघतच म्हणाली.
मी एक आकडा घातला. जुना आहे.
त्याचा हिशेब लागणारं माणूस
आता या जगात मी एकच.

संध्याकाळी त्याने लॅपटॉप दोनदा बंद करून चालू केला.
"याचं काहीतरी बिघडलंय."
"असेल," मी म्हटलं, आणि ताटं घेतली.
भाजी छान झाली होती. त्याने दोनदा वाढून घेतली.
तो वाईट आहे असं मी कुणाला सांगणार नाही,
हेमलतालाही नाही.
सांगायचं की नाही, हे आता माझ्याकडे आहे.

झोपायच्या आधी पडदा सारला.
टे नदीवरचा पूल धुक्याने गिळला होता,
दिव्यांसकट, गाड्यांसकट.
आवाजावरून कळत होतं, माणसं ये-जा करतायत.

"दार लावलंस का?" आतून त्याचा आवाज.
लावलं, म्हटलं.